धडे भरपूर, माणसं कमी: लहान मुलांना कुटुंब आणि उम्मत शिकवताना

अस्सलामु अलैकुम ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसावं, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही पुण्यात मोठ्या सोसायटीत राहता, मजल्यावर मुस्लिम घर तुमचं एकच. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचची. मिस्टर दोह्याला, वर्षातून एकदा येतात. सासर कोकणातल्या खेड तालुक्यात, पण जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या दिरांशी दोन वर्षं बोलणं बंद. मुलांना पंधरा-वीस दुआ पाठ आहेत, ऑनलाइन वर्गात ‘इस्लाममधील कुटुंब’ आणि ‘उम्मत’ (जगभरचा मुस्लिम समाज) हे धडेही होऊन गेले. आणि आता मुलगा विचारतो, “शेजारची काकू आपल्या उम्मतमधली आहे का?” तुम्हाला उत्तर सुचलं नाही, म्हणून तुम्ही वयाप्रमाणे अभ्यासक्रम मागताय.

अभ्यासक्रम लिहून देणं सोपं आहे. पण मला तुमची अडचण वेगळीच दिसते. मुलांकडे धडे पुष्कळ आहेत, माणसं कमी आहेत. ‘फुफूचा हक्क’ पाठ आहे, पण फुफूचा, म्हणजे आत्याचा, आवाज ओळखता येत नाही. अशा मुलाला आणखी एक धडा दिला तर तो तोही पाठ करेल, एवढंच.

मी चिपळूणजवळ बावीस वर्षं मकतब, म्हणजे मुलांची दीनी शाळा, चालवते. असर ते मगरिब (उतरत्या दुपारपासून सूर्यास्तापर्यंत), पाच ते अकरा वयाची मुलं. सुरुवातीची सात-आठ वर्षं मीही पाठांतरच घेतलं. पुढे जे बदललं ते चुका करून बदललं. त्यातली एक चूक आधी सांगते, कारण ती तुमच्याही घरात होऊ शकते.

आईवडिलांचा धडा मी एका हदीसने (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदीने) सुरू करायचे. एका माणसाने जिहादला जाण्याबद्दल विचारलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला आईजवळ राहायला सांगितलं, कारण जन्नत तिच्या पायांपाशी आहे. सुंदर हदीस आहे. एकदा ती सांगून झाली आणि मागे बसलेला सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, “आपा, माझी अम्मी नाही. मी कुठून जाणार?” त्याची आई वारलीये हे मला ठाऊक होतं. तरी धडा घेताना तो माझ्या डोळ्यांपुढे नव्हता.

तेव्हापासून कुटुंबाचा पहिला धडा मी पैगंबरांच्या स्वतःच्या घरापासून घेते. वडील अब्दुल्लाह जन्माआधीच गेले. लहानपणी दाई हलीमांनी सांभाळलं. सहाव्या वर्षाच्या सुमारास आई आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब गेले, मग चाचा अबू तालिबांनी वाढवलं. म्हणजे ज्यांच्याकडून आपण कुटुंब शिकतो त्यांचं घर पुस्तकातल्या चित्रासारखं कधीच नव्हतं. ज्या मुलाचे अब्बा दोह्याला असतात, ज्याचे आईवडील वेगळे झालेत, जो नानीकडे वाढतोय, त्या प्रत्येकाला या गोष्टीत बसायला जागा मिळते. तुमच्या मुलांनाही मिळेल. हलीमांचा भाग मुलांना विशेष आवडतो, कारण त्यात शेळ्यामेंढ्या आहेत.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच बोलून घेऊ. दिरांशी अबोला नुसता जमिनीचा आहे की घरात कुणी मारहाण, शिवीगाळ, दारू असलं काही आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जमिनीचंच असेल असं धरून मी पुढे लिहिते. दुसरं काही असेल तर सिला-रहमीच्या (नाती जोडून ठेवण्याच्या) नावाखाली मुलांना त्या घरात एकटं पाठवू नका. नातं जपायला फोनवरचा सलाम पुरतो. तसंच मुलगी पाचची आहे, तिला शब्द नको, हाताला काम हवं. मुलगा आठचा, त्याला ‘का’ हवं. दोघांना एकत्र बसवून एकच धडा घेतलात तर एक कंटाळेल आणि दुसरी गोंधळेल.

मी सुरुवात नावांपासून करते. तिरमिजी या हदीससंग्रहात आहे: आपली वंशावळ तेवढी तरी शिका, जेणेकरून नाती जोडता येतील. ती वाचल्यावर मला वाटलं, हा तर सरळ गृहपाठच आहे. मुलाकडे वही द्या. नाना-नानी, दादा-दादी, चाचा, फुफू, मामू, खाला, एकेका पानावर एकेक माणूस. पण नुसतं नाव लिहून भागत नाही. त्या माणसाबद्दल एक गोष्ट लिहायची, तीही त्याच माणसाला विचारून. लहान असताना कुठे पोहायचास, कुणी मारलं होतं, कोणता आंबा आवडतो. माझ्याकडच्या एका मुलीने नानाला विचारलं, तर नाना १९६० च्या दशकात बोटीवर खलाशी होते हे घरातल्या मोठ्यांनाही त्या दिवशी कळलं. दर जुम्म्याला (शुक्रवारी) एक फोन, एक पान. मुलगी चित्र काढेल, मुलगा लिहील. दोह्याचा फोन त्यात धरू नका, तो रोजचाच आहे. हा फोन ज्यांच्याशी बोलणं होत नाही त्यांच्यासाठी.

मुलगा विचारेल, नाती जोडण्यात अल्लाहचं काय? त्याला बिस्मिल्लाह म्हणायला सांगा आणि ‘रहमान’वर थांबवा. अरबीत आईच्या उदराला ‘रहिम’ म्हणतात, रक्ताच्या नात्यालाही तोच शब्द, आणि तो रहमानच्याच मुळातून आलाय. हदीसे-कुद्सीत अल्लाह म्हणतो की या नात्याला मी माझ्याच नावातून नाव दिलं. आठ वर्षांच्या मुलाला शब्दांचा असा सांधा सापडला की तो आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरतो. त्याला फिरू द्या.

आईवडिलांच्या हक्काबद्दल मी आता जरा जपून बोलते. आपल्याकडे कुरआनातल्या ‘बनी इस्राईल’ सूरहची (अध्यायाची) तेविसावी आयत मुलांच्या पाठीत काठीसारखी बसते: आईवडिलांना ‘उफ’सुद्धा म्हणू नका. आयत खरीच आहे आणि शिकवायचीच आहे. पण तिच्या शेजारी मी नेहमी हजरत अनसची (रजि.) गोष्ट ठेवते. अनस लहानपणापासून पैगंबरांच्या घरी सेवेला होते, दहा वर्षं. ते सांगतात, त्या दहा वर्षांत पैगंबरांनी मला एकदाही ‘उफ’ म्हटलं नाही, हे का केलंस आणि ते का नाही केलंस असंही विचारलं नाही. शब्द तोच आहे. मुलाने मोठ्यांना म्हणायचा नाही, आणि ज्यांच्याकडून दीन आला त्यांनी लहानालाही म्हटला नाही. मी मुलांना दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगते आणि घरी जाऊन अम्मी-अब्बांनाही दुसरी गोष्ट सांगायला लावते. काही पालक हसतात, काहींना राग येतो. एका वडिलांनी येऊन विचारलं होतं, “आपा, तुम्ही पोरांना आमच्यावर सोडताय का?” मी म्हटलं, नाही, हदीसवर सोडतेय.

त्याच जागी पुढची आयत ही दुआ शिकवते: ‘रब्बिर्हम्हुमा कमा रब्बयानी सगीरा.’ हे रब, त्यांच्यावर दया कर, जसं त्यांनी मला लहानपणी वाढवलं. यातल्या ‘जसं’कडे बघा. मूल दया मागतंय ते आठवणीच्या आधारावर. ती आठवण आत्ता, तुमच्या स्वयंपाकघरात तयार होतेय. म्हणून पाच वर्षांच्या मुलीला मी हुक्म सांगत नाही, गोष्टी सांगते. नात उमामाला खांद्यावर घेऊन नमाज पढणारे पैगंबर, सजद्यात जाताना तिला खाली ठेवायचे, उठताना पुन्हा उचलायचे. अबू उमैर नावाच्या चिमुरड्याची छोटी चिमणी मेली, तर त्याला “अबू उमैर, तुझ्या नुगैरचं काय झालं?” असं विचारणारे पैगंबर. पैगंबर नातवाचा, हसनचा, मुका घेत होते तेव्हा अकरा बिन हाबिस म्हणाले, मला दहा मुलं आहेत, मी एकाचाही मुका घेतलेला नाही. त्यांना उत्तर मिळालं, जो दया करत नाही त्याच्यावर दया होत नाही. या तीन गोष्टी झाल्या की मुलीला कुटुंब म्हणजे काय ते व्याख्येशिवाय कळलेलं असतं.

आज्ञापालनाची मर्यादा मात्र लवकर सांगायला हवी. सूरह लुकमानमध्ये, लुकमानने मुलाला केलेल्या उपदेशाच्या मधोमध, आईवडील शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याची भक्ती) करायला भाग पाडतील तर ऐकू नका, तरी दुनियेत त्यांच्याशी चांगलं वागा, असं येतं. मी मुलांना त्यातून साधी गोष्ट सांगते: मोठ्यांचा मान नेहमी ठेवायचा, पण चुकीचं काम कुणीही सांगितलं तरी करायचं नाही. अंगाला नको तिथे हात लावणारा चाचा असो, मौलवी असो, नाही म्हणायचं आणि अम्मीला सांगायचं. हे बोलायला आपल्याकडे लाजतात. सूरह नूर लाजत नाही. तिथे लहान मुलांनीही फजरआधी (पहाटे), दुपारी आणि इशानंतर (रात्री) मोठ्यांच्या खोलीत विचारून यावं असा नियमच आहे. दारावर टकटक करायला शिकवा आणि मुलाच्या खोलीत जाताना तुम्हीही टकटक करा.

आता थोरल्या दिरांचं. ताई, तुमच्या प्रश्नात हे एका ओळीत आलंय, पण मला वाटतं तेच सगळ्यात मोठं आहे. मुलगा वर्गात सिला-रहमी शिकतो आणि घरी बघतो की मोठ्या चाचांचा फोन कट होतो. तो विचारत नसेल, पण त्याने ते टिपलेलं आहे.

बुखारी या हदीससंग्रहात आहे की परतफेड करणारा नातं जोडणारा नव्हे. नातं तोडलं गेल्यावरही जो जोडतो, तो खरा जोडणारा. आणि दुसरी, की मुसलमानाने भावाशी तीन दिवसांहून जास्त अबोला धरणं हलाल नाही, आणि दोघांत चांगला तो जो आधी सलाम करतो. या दोन्ही तुम्हाला माहीत असतीलच. मी त्या तुम्हाला टोचायला सांगत नाही. वाटणीत तुमची बाजू खरी असेल, हक्क सोडा असं दीन म्हणत नाही. जमिनीचं भांडण तलाठी, वकील किंवा जमातीच्या बैठकीत चालू ठेवा. पण मुलांचा सलाम त्या भांडणातून बाहेर काढा. “आमचं मोठ्यांचं एक भांडण आहे, ते आम्ही सोडवू. तुझं त्यांच्याशी भांडण नाही. ईदला तू सलाम करायचास.” इतकंच सांगा. खोटं सांगू नका की चाचा बिझी आहेत. आणि फोन झाल्यावर “काय म्हणाले? जमिनीचं काही बोलले का?” हे कदापि विचारू नका. मुलाला हेर केलंत की त्या दिवसापासून त्याला नातं आणि वकिली यातला फरक कळेनासा होतो. माझ्या वर्गात अशी भांडलेल्या दोन भावंडांची मुलं शेजारी बसायची. घरच्यांनी त्यांना बोलायला मनाई केली होती, आणि ती दोघं एकमेकांना सिपाऱ्याचं (कुरआनच्या भागाचं) पान शोधून द्यायची, न बोलता. मला ते बघवायचं नाही.

मुलगी-मुलगा आधी ईद मुबारक म्हणतील, मग दादींशी बोलतील, मग कदाचित एखाद्या मे महिन्यात चार दिवस गावी राहून येतील. याहून घाई नको.

इथवरचं थोडक्यात: पैगंबरांच्या घरापासून सुरुवात, नातेवाईकांची वही आणि जुम्म्याचा फोन, ‘उफ’ दोन्ही बाजूंनी, आणि अबोल्यातून मुलांचा सलाम सोडवणं. हे तुम्ही तीन-चार महिने केलंत तर उम्मतच्या धड्याला पाया मिळेल. त्याआधी उम्मत शिकवली तर तो नकाशावरचा शब्द होतो.

आता शेजारच्या काकूंचा प्रश्न. मुलाला सरळ उत्तर द्या: नाही, त्या आपल्या उम्मतमधल्या नाहीत, आणि तरीही त्यांचा आपल्यावर हक्क आहे. यातलं पहिलं वाक्य म्हणायला आपण कचरतो आणि दुसरं विसरतो. उम्मत म्हणजे नमाजेत एका किब्ल्याकडे (मक्केतल्या काबाकडे) तोंड करणारे लोक, मग ते चिपळूणचे असोत की सेनेगलचे. शेजार म्हणजे ज्याचं दार जवळ. सूरह निसामध्ये, छत्तिसाव्या आयतीत, नात्यातला शेजारी आणि परका शेजारी दोघांचीही नावं घेऊन सांगितलंय, कुठेही धर्म विचारलेला नाही. शेजाऱ्याबद्दल जिब्रील फरिश्ते इतकं सांगत राहिले की त्याला वारसही करतील असं वाटलं, हे पैगंबरांचे शब्द आहेत. अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी घरच्यांना विचारलं, “आपल्या यहुदी शेजाऱ्याला दिलं का?” आणि हजरत अस्माची (रजि.) मुशरिक (मूर्तिपूजक) आई मदीन्यात भेटायला आली तेव्हा त्यांना पैगंबरांकडून उत्तर मिळालं, हो, आईशी नातं ठेव.

मुलगा हुशार दिसतो, त्याला सूरह हुजुरातचं एक गुपित दाखवा. अकराव्या आणि बाराव्या आयतीत, थट्टा करू नका, वाईट नावं ठेवू नका, पाठीमागे निंदा करू नका, ही हाक ‘ईमानवाल्यांनो’ अशी आहे. लगेच पुढच्या, तेराव्या आयतीत हाक बदलते: ‘लोकहो’. आम्ही तुम्हाला एका पुरुष आणि एका स्त्रीपासून निर्माण केलं आणि कौमा-कबिले केले ते एकमेकांना ओळखावं म्हणून. दोन वर्तुळं, एक आत, एक बाहेर, दोन्ही एकाच पानावर. मुलं हे बोटाने दाखवू शकतात.

मग काम द्या. पैगंबरांनी अबू जरना (रजि.) सांगितलं होतं, रस्सा करशील तेव्हा पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. तुमच्या मुलीने आठवड्यातून एकदा वाटी घेऊन समोरच्या दारात जायचं. काकू शाकाहारी असतील तर रस्सा नको, सांदण द्या, शीरखुर्मा द्या, आणि दूध-तुपाचं चालतं का तेही आधी विचारा. विचारणं हाही हक्काचाच भाग आहे. वाटी रिकामी परत येणार नाही याची मला खात्री आहे, आपल्या बायका तशी वाटी परत करतच नाहीत.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. २०२१ मध्ये बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमचं तळमजल्याचं घर, फ्रिज, वाटायचं राहिलेलं गोश्त, मकतबच्या रेहाल (कुरआन ठेवायचे लाकडी ठाव), सगळं पाण्यात. वरच्या मजल्यावरच्या हिंदू कुटुंबाने दार उघडलं आणि आम्ही सात जण दोन रात्री तिथे राहिलो. नमाजेसाठी त्यांच्या आजींनी धुतलेली चादर अंथरून दिली. पुढे वर्ग पुन्हा भरला तेव्हा मी शेजाऱ्याच्या हक्काची हदीस काढली, आणि एक पोरगी म्हणाली, “आपा, हे तर झालं की आपलं.” मी पुस्तक मिटलं.

आतल्या वर्तुळाचं, म्हणजे उम्मतचं, शिक्षण पुण्यात तुम्हाला मुद्दाम घडवावं लागेल. गावात ते आपोआप होतं: मयत झाली की सगळी जमात, लग्नात देगची हलवायला सगळे. मुलाला जुम्म्याला मशिदीत कुणाबरोबर तरी पाठवा, मामू असतील तर उत्तम. एक तयारी मात्र करून ठेवा. तुम्ही कोकणी, म्हणजे नमाजेच्या पद्धतीत बहुधा इमाम शाफईंना मानणाऱ्या, शाफई. तिथली मशीद हनफी (इमाम अबू हनीफांना मानणारी) असेल तर मुलगा येऊन विचारेल, “तिथे आमीन मोठ्याने का नाही म्हणत? रुकूला जाताना हात का नाही उचलत?” सांगा की दोन्ही पद्धती मोठ्या इमामांच्या आहेत, आणि त्या सफेत (रांगेत) उभा राहून तू आपल्या पद्धतीने पढ, कुणाला टोकू नकोस. पैगंबरांनी दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफून दाखवलं होतं, मोमिन मोमिनासाठी इमारतीसारखा आहे, एक वीट दुसरीला आधार देते. मुलांना ते गुंफायला लावा. बोटं सगळी सारखी नसतात, म्हणून तर गुंफतात, हे माझ्या वर्गातलं एक मूल बोललं होतं आणि मी ते चोरलंय.

आजारी माणसाला भेटणं, शिंकेला ‘यर्हमुकल्लाह’, बोलावणं आलं तर जाणं, मय्यतीमागे चार पावलं चालणं: मुसलमानाचे मुसलमानावरचे हे हक्क मी तोंडपाठ घेत नाही. महिन्याला एक हक्क, प्रत्यक्ष. आठ वर्षांच्या मुलाला जनाज्याला न्यावं का, हे मुलावर अवलंबून. माझ्या मते दफनाला नको, पण घरी जाऊन पुरशीला (सांत्वनाला) बसायला हरकत नाही. तिथे मूल दोन गोष्टी शिकतं: रडणं चालतं, आणि जेवण शेजाऱ्यांकडून येतं.

जकातीचे अडीच टक्के, आठ प्रकारचे हकदार, हे सगळं दहाव्या वर्षापर्यंत बाजूला ठेवा. त्याऐवजी येत्या रमजानात फितऱ्याचे (ईदआधी गरिबांना द्यायच्या दानाचे) तांदूळ मुलांकडून मोजून घ्या. शाफई हिशेबाने माणशी एक साअ, घरातल्या तान्ह्या बाळाचाही. एक साअ म्हणजे चार मुद, आणि मुद म्हणजे मोठ्या माणसाची भरलेली ओंजळ. वजनात साधारण अडीच किलो होतात. मोठं घमेलं घ्या, माणशी चार ओंजळी, मुलाने मोजायचं, मुलीने नाव घ्यायचं: “ही अम्मीची, ही भाईची, ही माझी.” अब्बांच्या नावाचेही मोजा, आणि त्यांनी दोह्यातच दिले असतील तर ते कुणाच्या हाती गेले हे मुलांना त्यांच्याकडे फोनवर विचारू द्या. ईदच्या नमाजेआधी ते तांदूळ ज्या घरी जायचे तिथे मुलांनाच घेऊन जा. मिस्टर तोवर आले तर त्यांच्या ओंजळीने मोजा, नाहीतर मामूंच्या. पाच वर्षांच्या ओंजळीने नको, कमी भरेल.